भूमिपुत्राचं कंत्राट

पूर्णा गावातल्या गोडाऊनची जमीन महादूशेठची, म्हणून गेटवर दहा वॉचमन पुरवायचं कंत्राटही त्यांचंच. मुलगा प्रितेश मात्र प्रोग्रामर. आठ महिने नोकरीसाठी अर्ज करून करून थकला, पण बाजारच थंड. शेवटी महादूशेठ स्वतः गोडाऊनच्या मॅनेजरसमोर जाऊन बसले.

"जमीन आमची, आन् गोडाऊनच्या कॉम्प्युटरचं काम बंगलोरच्या कंपनीला? न्हाय चालायचं! पयला मान गाववाल्याचा."

मॅनेजरने प्रोग्रामिंगचं कंत्राट प्रितेशच्या नावावर केलं. महादूशेठनी गेटवरच्या दहाही वॉचमनना स्वतःच्या हाताने पेढा भरवला, अकरावा लेकाला.

"आता सांग, काम काय हाय?"

प्रितेशने कंत्राटाचा कागद पुढे केला.

"वॉचमनशिवाय चालेल असं गेट करायचंय, बाबा."