चोचीचा कण

तेलविहिरी खणताना जी पावडर वापरतात, तिच्या कणांचे आकार मायक्रोस्कोपखाली मोजायचं काम डोंबिवली एमआयडीसीतल्या लॅबमध्ये राजरत्नकडे होतं. गेल्या आठवड्यात त्याने कंटाळा केला आणि नव्या पावडरीच्या नावावर जुनाच फोटो खपवला. त्या फोटोत कोपऱ्यात चोचीसारखं टोक असलेला एक कण होता.

आज वेगळीच पावडर लावली, तर स्क्रीनवर तोच कण, त्याच कोपऱ्यात. राजरत्नचे कान तापले. त्याने काच धुतली, पुसली आणि कोरीच मायक्रोस्कोपखाली ठेवली.

कण होताच.

“काय रे, झालं का?” स्वप्ना मॅडम आल्या. जुना फोटो लावलेल्या त्या रिपोर्टवर त्यांनीच विश्वासाने सही केली होती.

“होतंय, मॅडम,” म्हणत तो शरमून त्यांच्या मागे सरकला.

स्क्रीनवरची चोच हळूहळू त्याच्या दिशेने वळली.

मॅडम वाकून बघत राहिल्या. “राजरत्न, हा तुला का शोधतोय?”