खिडकीतला माणूस

सिनेमा त्यांच्याच गल्लीत काढलेला, त्यामुळे रविवारी दुपारच्या खेळाला जेनोवा बंदरामागची ती अख्खी गल्ली थिएटरात लोटली होती. गोष्ट कोणी बघतच नव्हतं. पोलिसांपासून पळणारा एक खलाशी, त्याला लपवणारी एक बाई. दोघांचं काही खरं नाही, हे पहिल्याच प्रसंगात कळत होतं. लोक बघत होते ते त्यांच्या मागचं. पडद्यावर जो दिसेल त्याच्या नावाने ओरडायचं, असा सपाटाच लावला होता. बाचिचा मासेवाला दिसला तेव्हा तो खुर्चीवरून उठून सगळ्यांना मुजरे करू लागला. जेम्मा म्हातारीला आपली कोंबडी दिसली, तर तिने तिलाही नावाने हाक मारली. पहिल्या रांगेत फौजदार काव्हान्ना पोट धरून हसत होते.

डेल्फिनाही हसत होती. मंगळवारी ब्युनोस आयर्सची बोट होती. आपल्या माणसाला, नेव्हिओला, घरात लपवल्यापासून आज पहिल्यांदा तिच्या जिवाला जरा मोकळं वाटत होतं. साव्होनात त्याच्या हातून माणूस मेला होता. गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. एरवी यांच्या तोंडात तीळ भिजत नाही, पण इतक्या महिन्यांत एकानेही ब्र काढला नव्हता.

मग पडद्यावरची ती दोघं वाळत घातलेल्या चादरींखाली येऊन उभी राहिली. वर तिसऱ्या मजल्यावर, डेल्फिनाच्याच खिडकीत एक माणूस दाढी करत होता. कोंडून कोंडून जीव उबगला असेल बिचाऱ्याचा, आला असेल उन्हाला. तोंडभर साबण. सख्ख्या आईनेही ओळखलं नसतं.

थिएटर चिडीचूप झालं.

बाचिचा अजून उभाच होता, तो हळूच खाली बसला. जेम्माने डेल्फिनाचं मनगट घट्ट धरलं. ओरडा की मेल्यांनो, कुणाचंही नाव घ्या, असं डेल्फिनाच्या अगदी ओठांवर आलं. पण तिच्याही तोंडून शब्द फुटेना.

काव्हान्नांचं हसू थांबलं. त्यांनी सावकाश मान वळवली.

"कोंबडीचं नाव ठाऊक आहे तुम्हाला," ते म्हणाले, "आणि याचं नाही?"

माझा भाचा आहे तो, असं जेम्मा म्हणाली खरी, पण फार उशिरा म्हणाली.

त्या गल्लीतल्या सगळ्या खिडक्या सारख्याच, त्यातली ही कुठली ते काव्हान्नांना कळलं नव्हतं. त्यांनी आपली लाकडी खुर्ची उलटी फिरवली आणि पडद्याकडे पाठ करून बसले.

पडद्यावरची बाई जिने चढत धावत सुटली होती, आपल्या माणसाला सावध करायला. डेल्फिना तिच्याकडे बघत जागच्या जागी बसून राहिली. काव्हान्ना बघत होते, कोण उठतं ते.