एक जिना

आजोबा वृद्धाश्रमात वरच्या मजल्यावर, आजी खाली. वरून खोकला ऐकू आला की ती खालूनच म्हणायची, “पाणी प्या हो.”

दोघांना एका खोलीत ठेवायला, त्यांनी मुलांना दिलेल्या मुखत्यारपत्राप्रमाणे, दोन्ही मुलांच्या सह्या हव्या होत्या.

“आधी दादाला करू दे,” धाकटा म्हणाला.

“का? उद्या काही झालं की बोट माझ्याकडे?” थोरला उसळला.

आजी हसली. “घर विकताना बरं कुणी आधी-नंतर केलं नाही! मी तुम्हाला नऊ-नऊ महिने पोटात वाहिलं रे. तुम्हाला माझी खाट एक जिना चढवता येईना?”

मग ती व्यवस्थापक बाईंकडे वळली. “मुखत्यारपत्र रद्द करायचंय. वकील बोलवा. आणि साक्षीदार बाहेरचे आणा. या दोघांच्या सहीला फार वेळ लागतो.”