रविवारची पंगत

अप्पा नेसरीहून लेकाकडे कोल्हापूरला आले, त्याला आठवडा होत आला होता. नात अन्विता त्यांना दिसायची ती दारातून आत येताना, नाहीतर दारातून बाहेर जाताना. कधी अबॅकस, कधी कथक, कधी स्केटिंग. उद्या सकाळच्या एसटीनं ते परत निघणार होते. नातीच्या शेजारी बसून एकदा तरी जेवावं, एवढंच मनात राहिलं होतं.

म्हणून रविवारी दुपारी सुनेनं, वर्षाराणीनं, सगळ्यांची ताटं एकत्र वाढली तेव्हा अप्पा हरखले. तांबडा, पांढरा, सुकं मटण. अन्विता त्यांना खेटून बसली. लेकानं मोबाइलवर फोटो काढला. नातीला पहिला घास भरवायचा म्हणून अप्पांनी भाकरीला हात घातला, तोवर ती उठून कपडे बदलायला पळाली.

"अगं, दोन घास तर खा की!"

"ती गाडीत खाईल, अप्पा. स्केटिंगला उशीर होतोय," वर्षाराणी म्हणाली. "ताट मोडू नका, तुम्हीपण शर्ट बदलून या. व्यक्तिमत्त्व विकासाच्या क्लासचा गृहपाठ हाय तिचा, दर रविवारी घरच्यांबरोबर जेवायचं आणि फोटो पाठवायचा. पुढच्या रविवारचापण काढून ठेवू."

"पुढच्या ऐतवारी मी हितं कुठं असतोय?"

"म्हणून तर आत्ता काढायचा, अप्पा."