कुठली सोडू?

बाळांनो, क्षणभर असं समजा की तुम्हाला दोन आया आहेत, आणि समोरचा माणूस तुमच्या बापाला म्हणतो आहे, "यांतली एक सोड." आठ वर्षांच्या बयाला तसं समजावं लागत नव्हतं. कोल्हापुरातल्या ख्रिस्ती प्रार्थनाघराच्या पायरीवर उभी राहून ती तेच ऐकत होती.

"कुठली सोडू?" तिचा बाप आकाराम ओरडला. "साहेब, चार रविवार झालं, त्योच सवाल!"

प्रार्थनाघराचे धर्मगुरू, पाळकसाहेब, तेही वैतागले होते. "चार रविवार मीही तेच सांगतोय. बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती व्हायचं तर एकच बायको. शास्त्राचा नियम आहे."

"शास्त्रातल्या जुन्या मान्सांस्नी दोन-दोन व्हत्या की!"

"होत्या. आणि त्यांच्या घरात कधी शांती होती का?"

"आमच्यात तरी कुठं हाय?" आकाराम म्हणाला. "पर बायकू टाकू नये, हे बी तुमीच वाचून दावलंय. टाकली तर पाप, न्हाय टाकली तर पाप. मी करू काय?"

पाळकसाहेबांनी हातातलं पुस्तक मिटलं.

शाहू महाराजांच्या राज्यातली ही गोष्ट. आकाराम अंबाडीचे दोर वळायचा. थोरली बायको धोंडुबाई आणि धाकटी तानाबाई एकेक पेड ताणून धरायच्या, तो पीळ घालायचा. बयाला जन्म दिला तानाबाईने. न्हाऊमाखू घालून वाढवलं धोंडुबाईने.

"मी जाती गगनबावड्याला, भावाकडं," आकारामच्या मागे तानाबाईशेजारी उभी असलेली धोंडुबाई म्हणाली. "मला पोटचं न्हाय. मीच सुटी."

"जा की! आन पोर कुनाच्या कुशीत निजंल?" तानाबाई खेकसली. "मीच जाती."

"तू गप गं! लई शानी."

"दोगी बी गप बसा," आकाराम म्हणाला. "एक पेड काढला तर दोर ऱ्हातो व्हय?"

बया पुढे आली. मिशनच्या शाळेत तिला प्रश्न विचारायची सवय लागली होती.

"पाळकसाहेब, माझ्या थोरल्या आयला नवरं किती?"

"एक."

"आन धाकलीला?"

"तिलाही एकच." पाळकसाहेबांनी दोघींकडे पाहिलं. दोघी बायका त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"म्हणजे या दोघींनी नियम मोडलेलाच नाही," ते हळूच म्हणाले.

"मोडलाय त्यो म्या," आकाराम म्हणाला. "घ्या त्यास्नी आत. मी ऱ्हातो भाईर. पर सोडनार कुनालाच न्हाय."

पुढच्या रविवारी धोंडुबाई, तानाबाई आणि बया यांचा बाप्तिस्मा झाला. पाळकसाहेबांनी तिघींच्या डोक्यावर पाणी ओतलं. आकाराम बाहेर पायरीवर, सगळ्यांच्या चपलांशेजारी, दाराकडे पाठ करून बसला होता. आत गाणं सुरू झालं. सगळे उभे राहिले.

बया मात्र ओल्या केसांनी तडक बाहेर आली. तिने बापाचं मुंडासं काढून पायरीवर ठेवलं, आणि आपली वेणी त्याच्या डोक्यावर पिळली.