गल्ल्यातले चाळीस
भांड्यांच्या दुकानाचं बिलबुक आणि बँकेतला भरणा चार महिन्यांपासून रुपयाला रुपया जुळत होता. त्याआधी रोज चाळीस रुपये कमी निघायचे. एकदा घाटंजीच्या बाजाराच्या दिवशी मी गल्ल्यावरच्या शीलाला गिऱ्हाइकांसमोरच विचारलं, "मोजता येत नाही का तुले? का घरी नेते?" दुसऱ्या दिवसापासून हिशोब जुळू लागला. मी स्वतःवर खूश. आज लेक पुढच्या महिन्याच्या खर्चाचा अंदाज मांडायला दुकानात बसली. "बाबा, तुमचा तंबाखू-सुपारीचा खर्रा कशात लिहू?" "तो कायले लिहिते? रोज गल्ल्यातूनच घेतो, चाळीसचा." "मंग रोजचा हिशोब कसा जुळते?" मी शीलाकडे पाहिलं. ती खाली मान घालून नाणी मोजत होती. "शीला, आजकाल तू पायी काहून येते?" "असंच, भाऊ. ऑटोले जाऊन-येऊन चाळीस लागते." तोंडातला खर्रा मला थुंकवेना आणि गिळवेना.