पहिला शब्द कुणाचा

नेता आत आला तेव्हा सिम्हा उठली नाही. सात दिवसांच्या सुतकात राजा आला तरी उठायचं नसतं. लेकीला शेजारी घेऊन ती तशीच जमिनीवर बसून राहिली. आरशावर चादर टाकलेली होती, दार सताड उघडं होतं. तिच्या झग्याचा गळा चार बोटं फाटलेला होता. मुलाला, एझ्राला मातीत ठेवलं, त्या दिवशी रीतीप्रमाणे तिनंच तो फाडला होता.

नेत्याबरोबरचा तरुण दाराशीच थांबला. नेता शेजारच्या हबीबानं पुढे केलेल्या खुर्चीवर बसला आणि वाट पाहू लागला. घरच्या माणसानं तोंड उघडल्याशिवाय सांत्वनाला आलेल्यानं चकार शब्द काढायचा नाही, ही रीत त्यालाही ठाऊक होती.

इंग्रजांशी लपून लढणाऱ्या संघटनेचा तो नेता. जेरुसलेममध्ये त्याचा आवाज ओळखत नाही असं घर नव्हतं. चोरट्या रेडिओवर तो बोलू लागला की लोक खिडक्या लावून घेऊन ऐकत. इंग्रज जाणार, ज्यूंचं राज्य येणार. पण ज्या घरानं लढायला कुणाला दिलं नाही, त्या घरानं राज्याकडे हक्कानं बघू नये, असं तो सांगे. ते ऐकून एझ्राचं आधी जेवण सुटलं, मग घर सुटलं. आता हाच माणूस हाताची घडी घालून मुकाट बसला होता. कोटाच्या खिशातून घडी केलेला कागद डोकावत होता. नक्कीच काहीतरी लिहून आणलं असणार.

सिम्हानं ओठ घट्ट मिटले. पोराला ज्या शब्दांनी नेलं, ते शब्द या घरात पुन्हा उमटू द्यायचे नाहीत, एवढंच तिच्या मनात होतं. एझ्रा गेला. मझाल उरली होती, अवघी एकोणीस वर्षांची. भाऊ गेल्यापासून पोर रडली नव्हती, आणि सिम्हाला त्याचीच धास्ती होती. मझालनंही तोंड उघडून चालणार नव्हतं. तीही सुतकातच होती. म्हणून सिम्हानं लेकीच्या गुडघ्यावर हात दाबून ठेवला होता.

अर्धा तास गेला. हबीबानं उकडलेल्या अंड्यांची ताटली नेत्यापुढे धरली. त्यानं मान हलवली. तिला राहवलं नाही. ती सिम्हाच्या कानाशी वाकली.

"अगं, बोल की काहीतरी. एवढा मोठा माणूस ताटकळलाय. नुसतं 'बसा' म्हण."

सिम्हानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

तिला भिंतीवरचं ते पत्रक आठवत होतं. तिला वाचता येत नव्हतं. हबीबाच्या नवऱ्यानं, रहमीमनं, चौकात ते मोठ्यानं वाचलं होतं: आमचा अवनेर पुलाखाली सुरुंग लावताना पडला, त्याच्या रक्तावर आपलं राज्य उभं राहील. ती भाजीची पिशवी सांभाळत म्हणाली होती, "कुणाचं लेकरू हो हे? त्याच्या आईचं काय होत असेल." तासाभरानं दोन मुलं दाराशी येऊन सांगून गेली, अवनेर म्हणजे तुमचा एझ्रा. संघटनेत शिरलं की घरचं नाव टाकायचं आणि दिलेलं घ्यायचं, हे तिला तेव्हा कळलं. स्वतःच्याच पोरासाठी तिनं परक्यासारखी हळहळ केली होती.

तास झाला. दारातला तरुण खाकरला. नेता उठला. आता त्याला बोलता येणार होतं. निरोपाचं एक वाक्य रीतीनंच ठरवून दिलेलं असतं. सिम्हाचा जीव भांड्यात पडला. त्या वाक्यानं कुणी घर सोडून जात नाही. आपण जिंकलो, असं तिला वाटलं.

नेता दारापर्यंत गेला आणि वळला. इतका वेळ कोंडलेला आवाज खरखरीत निघाला.

"वरच्याकडून तुमचं सांत्वन होवो, आई."

मग त्यानं मझालकडे पाहिलं. त्याचा चेहरा खरोखरच कनवाळू झाला.

"तुझंही, याएल."

दारातल्या तरुणानं डोळे मिटून घेतले. नेत्याला मात्र आपण काय बोललो ते उमगलंच नाही. टोपी सारखी करत तो अंगणात उतरला.

हबीबानं ताटली हळूच खाली ठेवली.

"याएल कोण?" सिम्हानं विचारलं. त्या दिवसातला तिचा तो पहिला शब्द होता.

मझाल जमिनीकडे बघत होती.

"तुला विचारतेय, मझाल. या घरात याएल कोण आहे?"

"आई, मी तुला सांगणारच होते. सात दिवस झाले की."

सिम्हानं लेकीच्या गुडघ्यावरचा हात उचलला. झग्याच्या फाटक्या गळ्याच्या दोन्ही कडा मुठीत धरल्या आणि तो आणखी वीतभर फाडला.